‘बिलावर फक्त सेफ्टी लिहून द्या’ म्हणते

पत्र थोडक्यात: चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १४ वर्षांपासून चष्म्याचं दुकान चालवणारे एक भाऊ लिहितात. आजूबाजूला सिमेंटचे कारखाने, कोळशाच्या खाणी, फॅब्रिकेशनची वर्कशॉपं. एका कारखान्याच्या सेफ्टी विभागानं ठेकेदाराला सांगितलं की ज्या कामगारांना नंबर आहे त्यांना नंबरचाच सेफ्टी चष्मा द्या, नाही तर गेटवरून परत पाठवू. ठेकेदारानं यांना ऑर्डर देऊ केली, १८० चष्मे, ४५० रुपये नग, १५ दिवसांत. फ्रेम नेहमीचीच चालेल, भिंग पॉलीचं (पॉलीकार्बोनेटचं) टाका, बाजूला प्लास्टिकचे साइड शील्ड लावून द्या, बिलावर ‘सेफ्टी चष्मा, स्टँडर्डप्रमाणे’ लिहा आणि दुकानाच्या लेटरहेडवर तसं एक सर्टिफिकेट द्या. पैसे तो कामगारांच्या पगारातून तीन हप्त्यांत कापून देणार. भाऊ विचारतात: "पॉली तं फुटत नाही, मग यात खोटं काय? मी नाही दिले तं नागपूरवाला देईल. पोरं तशीही घालत नाहीत, गेटवर लावतात अन् आत गेले की खिशात. मुलीची कॉलेजची फी भरायची आहे अन् एवढी मोठी ऑर्डर मला आजवर आली नाही. ताई, देऊ का नको?"

भाऊ, आधी मला एक सांगा, हा १८० आकडा आला कुठून?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात कुठंच असं नाही की तुम्ही कामगारांचे डोळे तपासले किंवा ठेकेदारानं कुठून तपासून आणले. मग १८० जणांना नंबर आहे हे ठरवलं कोणी? मला तर हा सरळ हजेरीपटाचा आकडा दिसते. सेफ्टीवाल्यानं सांगितलं नंबरवाल्यांना द्या, अन् ठेकेदारानं मस्टर उघडून शेवटचा नंबर पाहिला अन् तुम्हाला फोन लावला. त्या १८० मध्ये विशी-पंचविशीची पोरं असतील ज्यांना काहीच नंबर नाही, त्यांना तयार मिळणारा प्लेन सेफ्टी चष्मा पुरते, त्यात तुमचं घासणं-बसवणं काहीच नाही. चाळिशीच्या पुढचे असतील ज्यांचा लांबचा ठीक अन् फक्त जवळचा गेला. काही असतील ज्यांना चष्म्यानं फरक पडणारच नाही कारण मोतीबिंदू आहे, त्यांना आधी दवाखाना दाखवा. अन् मग राहतील ते ज्यांना खरंच नंबरचा सेफ्टी चष्मा पाह्यजे. ते किती, हे तपासल्याशिवाय तुम्ही सांगू शकत नाही, मी नाही, अन् ठेकेदार तर अजिबात नाही.

म्हणजे तुम्ही ज्या ऑर्डरसाठी रात्रभर जागताय ती ऑर्डर अजून तयारच झालेली नाही. म्हणून ‘देऊ का नको’ हा प्रश्नच मला पटत नाही. नाही म्हणू नका, पण त्यानं जी मागितली ती ऑर्डर घेऊ पण नका, ती बदलून घ्या. कशी, ते खाली सांगते, पण त्याआधी तुमच्या पॉलीबद्दल बोलू.

पॉली फुटत नाही हे खरं आहे, निदान सहजासहजी फुटत नाही, अन् आपल्या फायबर भिंगापेक्षा ते कितीतरी दणकट आहे यात वाद नाही. पण मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. मी ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी होते तेव्हाची. ट्रॉल्या, वखरं बनवणाऱ्या एका वर्कशॉपमधला माणूस होता, मायनस दीडचा नंबर, मीच काढून दिलेला, बाजारातल्या साध्या फ्रेममध्ये बसवलेला. ग्राइंडर मारताना चकतीचा तुकडा उडून थेट भिंगावर बसला. भिंग फुटलं नाही भाऊ. अख्खंच्या अख्खं फ्रेममधून मागे निघालं अन् त्याच्याच धारेनं पापणी अन् बुबुळ कापलं. ते भिंग मी नंतर हातात घेऊन पाहिलं, एक ओरखडा होता त्यावर, बस. त्याला नागपूरला पाठवला पण त्या डोळ्यानं पुढे त्याला उजेड-अंधार एवढंच कळायचं. अन् मला जे सगळ्यात जास्त लागलं ते हे की शेजारी काम करणारा पोरगा, ज्याला चष्मा नव्हता, त्यानं ठिणग्या पाहून तोंड फिरवलं होतं. याला वाटलं आपला डोळा झाकलेला आहे, हा सरळ पाहत राहिला.

तर सेफ्टी चष्मा म्हणजे भिंग नाही, भिंग अन् फ्रेम अन् बाजूचं शील्ड हे सगळं मिळून एक वस्तू आहे. सेफ्टी फ्रेमची खाच खोल राहते, मागच्या बाजूनं भिंगाला टेकण राहते, म्हणून समोरून मार बसला तरी भिंग डोळ्याकडे येत नाही. साध्या फ्रेमची खाच तुम्ही रोज पाहता, आपण गरम हवेनं थोडी फ्रेम नरम करतो अन् अंगठ्यानं भिंग आत दाबतो, जे अंगठ्यानं आत जाते ते दणक्यानं बाहेर येणारच ना. त्यात तुम्ही दुनियेतलं सगळ्यात भारी पॉली टाका, फरक पडत नाही.

अन् पॉलीचंही एक आहे जे मला वाटते तुमच्या लक्षात आलं नसेल, मायनस नंबरात भिंग मधोमध सगळ्यात पातळ राहते. आपण लॅबला ऑर्डर देतो तेव्हा गिऱ्हाइकाला हलकं पाह्यजे म्हणून लॅब मध्यभाग जेवढा पातळ करता येईल तेवढा करते, तीच तर आपली विक्रीची खुबी. सेफ्टीत उलटं आहे. अमेरिकेचं जे झेड ८७ स्टँडर्ड आहे त्यात जास्त माराच्या, म्हणजे जोराच्या माराची वेगळी टेस्ट पास केलेल्या, नंबरच्या भिंगाची सगळ्यात पातळ जागासुद्धा २ मिलिमीटरच्या खाली जाऊन चालत नाही, अन् साध्या मारासाठी ३ मिलिमीटर लागते (जास्त प्लस नंबर असेल तर २.५ चालते). म्हणजे तुमच्या नेहमीच्या लॅबला नुसतं ‘पॉली’ एवढं लिहून पाठवलं तर जे येईल ते पॉली असेल, सेफ्टी नसेल. ऑर्डरवर जाडी लिहावी लागते, अन् माल आला की गेजनं मोजून पाहावी लागते, प्लस असेल तर काठाला, मायनस असेल तर मधोमध.

आता त्या ‘स्टँडर्डप्रमाणे’ शब्दाकडे येऊ. कोणत्या स्टँडर्डप्रमाणे? ठेकेदारानं सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही, असं पत्रावरून दिसते. भारतात डोळ्याच्या संरक्षणासाठी आयएस ५९८३ आहे. वेल्डिंगच्या साधनांसाठी वेगळं, आयएस ११७९. मोठे कारखाने बरेचदा युरोपचं ईएन १६६ मागतात (त्याच्या जागी आता २०२२ चं ईएन आयएसओ १६३२१ आलं, पण जुने शिक्के अजून बाजारात भरपूर दिसतात) नाहीतर वर सांगितलेलं झेड ८७. यातल्या प्रत्येकात वस्तूवरच खुणा कोराव्या लागतात, भिंगावर वेगळी, फ्रेमवर वेगळी. झेड ८७ मध्ये नंबरच्या भिंगासाठी बनवलेल्या फ्रेमवर ‘झेड ८७-२’ असं राहते, नुसतं झेड ८७ म्हणजे ती प्लेनसाठी आहे. ईएन १६६ मध्ये इंग्रजी एफ असेल तर ६ मिलिमीटरची लोखंडी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगानं, म्हणजे ताशी १६२ किलोमीटरनं मारून तपासलेलं आहे. अन् एक आतली गोष्ट, साध्या काड्यांच्या चष्म्याला ईएनमध्ये एफच्या वरचा दर्जा मिळतच नाही, त्याच्या वरचा बी हा बंद गॉगलला अन् ए हा तोंडावरच्या शील्डला. म्हणून कोणी सप्लायर चष्म्यावर बी किंवा ए दाखवून भाव वाढवत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारच्या आसपास फिरते, चकतीच्या काठाचा वेग काढून पाहा, ताशी २०० किलोमीटरच्या वर जाते. म्हणजे चकतीच फुटली तर तो एफवाला चष्मापण एकटा पुरत नाही, वरून फेस शील्ड पाह्यजे. हे मी घाबरवायला नाही सांगत, हे सांगते कारण ठेकेदारानं तुमच्याकडून लिहून मागितलेला कागद या असल्या गोळीसमोर उभा राहणार आहे. गोळी अडवायची ताकद भिंग-फ्रेमची अन् टेस्ट करणाऱ्या प्रयोगशाळेची, तुमच्या लेटरहेडची नाही. तुमच्याकडे टेस्ट करायची मशीन आहे का? नाही ना. मग तुम्ही सर्टिफिकेट कशाचं देणार? तुम्ही फक्त एवढंच लिहू शकता की अमक्या कंपनीची अमकी फ्रेम, तिचं टेस्ट सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे, भिंग अमक्या लॅबचं, त्यांचं पत्र सोबत, अन् मी नंबर, पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) अन् जाडी तपासून बसवलं. हे खरं आहे अन् हे तुम्हाला येते.

तुम्ही म्हणता मी तर छोटा दुकानदार, जबाबदारी कारखान्याची. जबाबदारी त्यांची आहेच, १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३५ फक्त डोळ्यांसाठीच होतं, अन् २१ नोव्हेंबर २०२५ पासून जी नवी कामगार संहिता लागू झाली त्यातही मालकाचंच कर्तव्य आहे. पण तुमची पण सुटत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादक’ कोणाला म्हणावं याची व्याख्या पाहा, दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडून वस्तू तयार करणारापण त्यात येते. फ्रेम एकाची, भिंग दुसऱ्याचं, जोडणारे तुम्ही. अन् विकणाऱ्यानं स्वतःहून वेगळी हमी दिली अन् वस्तू तशी निघाली नाही तर तो पण जबाबदार, हेही त्यातच आहे, तुमचं लेटरहेड म्हणजे तीच हमी. प्रकरण कोणत्या कोर्टात कसं चालेल ते वकिलांना विचारा, मी वकील नाही, पण ठेकेदार एवढ्या प्रेमानं कागद काऊन मागते ते आता लक्षात आलं असेल. त्याला चष्म्यापेक्षा तुमची सही जास्त पाह्यजे. उद्या काही झालं तर गेटवर तुमचा कागद दाखवून तो मोकळा. अन् चुकूनही फ्रेमवर आयएसआयचा शिक्का स्वतः मारू नका किंवा मारलेली नकली फ्रेम घेऊ नका, तो बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) कायद्याखाली सरळ गुन्हा आहे. खरा आयएसआय असेल तर सोबत सीएम-एलनं सुरू होणारा लायसन नंबर राहते, मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दोन मिनिटांत दिसते.

पगारातून कापायचं जे तुम्ही सहज लिहून गेलात, त्यावर मी थांबले. नव्या संहितेत स्पष्ट आहे की कामाच्या जागी सुरक्षेसाठी अन् आरोग्यासाठी जे द्यायचं त्याचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. म्हणजे ठेकेदार जे ४५० कापणार तेच मुळात कापायला नको, अन् तुमचं पेमेंट त्या कापाकापीवर उभं आहे. नैतिक-बैतिक राहू द्या बाजूला, धंद्याचंच पाहा. तीन हप्त्यांत एखादा पोरगा काम सोडून गेला तर ठेकेदार म्हणेल त्याचे माझ्याकडे नाही आले, तुम्ही सोडून द्या. दिवाळी-होळीला किती जण गावी जातात अन् परत येत नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. अन् नंबरचा चष्मा परत आला तर तो कोणाला विकणार? चपला परत आल्या तर दुसऱ्याच्या पायात जातात, उजवा मायनस सव्वा-डावा मायनस पावणेदोन अन् पीडी ६३ वाला माणूस दुसरा कुठून आणणार? ते भंगार. १८० गुणिले ४५० म्हणजे ८१ हजार, त्यातलं भिंग-फ्रेमचं तुम्ही खिशातून आधी टाकणार, अन् परत यायची खात्री ठेकेदाराच्या मर्जीवर. मुलीची फी याच पैशातून भरायची ठरवली असेल तर ती तारीख कोणती अन् तिसरा हप्ता कोणता हे एकदा कॅलेंडरवर मांडून पाहा.

आता ‘पोरं घालतच नाहीत’. हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की मोजणं सोडलं. घालत नाहीत हे खरं, पण काऊन घालत नाहीत हे तुम्ही कधी एखाद्याला बसवून विचारलं का? मी विचारायची. एकजण म्हणाला मॅडम, गॉगल लावला की मोजपट्टीचे आकडे दिसत नाहीत, कारण त्याला जवळचा दोनचा नंबर होता अन् कंपनीनं प्लेन गॉगल दिला होता, आता नंबरचा चष्मा काढून गॉगल लावावा की गॉगल काढून चष्मा लावावा, त्यानं ज्यानं काम दिसते ते निवडलं, म्हणजे गॉगल खिशात. दुसरा म्हणाला घामानं धुकं धरते. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत, भट्टीजवळ, तोंडाला दुपट्टा बांधलेला, खालून श्वासाची वाफ वर येणार अन् भिंगावर बसणार, तिथं साधं भिंग पाच मिनिटं नाही टिकत. तिसऱ्याचा नाकावरून घसरायचा, खाली वाकला की पडायचा. ही तिन्ही कारणं तुमच्याच हातातली आहेत भाऊ, नंबर, अँटी-फॉग कोटिंग, अन् फिटिंग. नागपूरवाला पेटी कुरिअरनं पाठवेल, तो कोणाच्या नाकाची उंची पाहायला येणार नाही. ‘नागपूरवाला देईल’ याचं मला म्हणून फारसं टेन्शन येत नाही. तो देईलही. दोन महिन्यांनी काडी ढिली झाली की लोक तुमच्याच दुकानात येणार, तेव्हा फुकटात स्क्रू आवळून देण्यापेक्षा आधीच ते काम पैसे घेऊन करा.

तर ऑर्डर बदलायची कशी. उद्या ठेकेदाराला म्हणा, "साहेब, काम करतो, पण आधी डोळे तपासू द्या, अन् तुमच्या सेफ्टी ऑफिसरची मला दहा मिनिटं भेट पाह्यजे." ही भेट फार महत्त्वाची आहे, कारण मला जवळपास खात्री आहे की सेफ्टी ऑफिसरला हे पॉली-साध्या फ्रेमचं प्रकरण माहीत नाही. त्याला तीन गोष्टी विचारा अन् लिहून घ्या, कोणतं स्टँडर्ड पाह्यजे, कोणत्या कामाला काय धोका धरला आहे, अन् पैसे कोण देणार. खाणीतले लोक असतील तर तिथले नियम वेगळे, खाण सुरक्षा महासंचालनालयाचे, तेही त्यालाच विचारा, अंदाजानं काही करू नका.

मग तपासणी. ही फुकट करू नका, माणशी दर ठरवा, हा तुमच्या कामाचा पैसा आहे अन् तो चष्मा विकला गेला नाही तरी मिळाला पाह्यजे. शिफ्ट बदलताना दोन-तीन दिवस गेटजवळच्या खोलीत बसा. नंबर काढताना नेहमीच्या कागदावर दोन रकाने वाढवा, काम काय करतो अन् हातातली वस्तू डोळ्यापासून किती लांब राहते. आपण सगळ्यांना जवळचा म्हणजे पेपर वाचायच्या अंतरावर देतो, पण फिटर पेपर वाचत नाही, त्याचं काम हातभर लांब राहते, त्याला तोच नंबर दिला तर तो चष्मा काढून ठेवणार अन् आपण म्हणणार घालत नाही. बायफोकल देणार असाल तर जिने-शिड्या चढणाऱ्याला खालचं भिंग थोडं अजून खाली बसवा, नाहीतर पायरी धूसर दिसते अन् डोळा वाचवायच्या नादात पाय मोडते. इलेक्ट्रिशियन किंवा डोक्यावर वेल्डिंग करणारा असेल तर खालच्या भिंगाचा त्याला उपयोगच नाही, तो मान मागे टाकून टाकून बेजार होईल, त्याच्याशी बोलून ठरवा.

अन् सगळ्यांना चष्माच देऊ नका. पॅकिंग प्लांटमध्ये जिथं सिमेंटची बारीक धूळ उडते तिथं काड्यांच्या चष्म्याच्या फटीतून ती आत जाणारच, साइड शील्ड असो की नसो. सिमेंट घामात-पाण्यात मिसळलं की चुन्यासारखं डोळ्याला जाळते (अन् गेलंच तर पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्यानं धुवत राहायचं, मग दवाखाना, हे तपासणीच्या वेळी प्रत्येकाला सांगा). तिथं चारही बाजूनं बंद गॉगल लागते, ज्याच्या आत नंबरची छोटी फ्रेम अडकवता येते, किंवा साध्या चष्म्यावरून बसेल असा मोठा गॉगल. वेल्डरला नंबरचा साफ सेफ्टी चष्मा अन् त्याच्यावरून शेडच्या, म्हणजे गडद, काचेचं हेल्मेट, नुसत्या पॉलीनं किंवा काळ्या गॉगलनं आर्कचा उजेड थांबत नाही. अन् जो माणूस दिवसातून एकदा दहा मिनिटं धोक्याच्या जागी जाते, सुपरवायझर, ड्रायव्हर, त्याला चष्म्यावरून घालायचा मोठा सेफ्टी चष्मा बस झाला, स्वस्तात काम होते.

असं चाळून झालं की मग खरी यादी हातात येईल. समजा ती १८० ची ५० झाली किंवा ७० झाली, तर तुम्हाला वाईट वाटेल की ऑर्डर लहान झाली. पण ठेकेदाराचं जेवढं बजेट होतं तेवढ्यातच आता खरी खूण असलेली फ्रेम अन् जाड भिंग बसू शकते, कारण बाकीच्यांना प्लेन लागले. हा हिशोब तुम्हीच कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेवा, त्याला वाटू द्या की तुम्ही त्याचे पैसे वाचवले. पहिल्या झटक्यात सगळे बनवू नका, ग्राइंडिंग-कटिंगवाले आधी घ्या, १५-२० जणांचे, महिनाभर वापरू द्या, काय बोंब येते ते ऐका, मग पुढचे. फ्रेमसाठी नागपूर-मुंबईत सेफ्टी फ्रेमचे सप्लायर आहेत, तीन-चार साइजमध्ये नमुने मागवा, सगळ्यांना एकच साइज हा प्रकार नको. भिंगासाठी अशी लॅब पाहा जी जाडी अन् मटेरियल लेखी देते, नाही देत म्हणाली तर दुसरी.

पैशाचं कडक ठेवा. अर्धे आगाऊ, बाकी माल दिल्यावर, अन् ऑर्डर कारखान्याच्या किंवा ठेकेदाराच्या नावानं लेखी, कामगाराच्या नावानं उधारी नाही. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाला ४५ दिवसांत पैसे मिळायचा कायदा आहे, पण नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला त्याचा फायदा मिळत नाही, तुमचं भिंग घासून बसवणं कशात मोडते ते सीएला विचारून घ्या. नंबरच्या चष्म्याचा अन् प्लेन गॉगलचा जीएसटी पण एक नाही, बिलात दोन्ही एका ओळीत कोंबू नका.

अन् ठेकेदार हे सगळं ऐकून म्हणाला की नको बाप्पा, मला तेच ४५० वाले अन् कागद पाह्यजे, तर? तर एक मधला रस्ता आहे, चष्मे द्या पण बिलावर जे आहे तेच लिहा, "साधी फ्रेम, पॉलीकार्बोनेट भिंग, सेफ्टी चष्मा नाही." तो घेणार नाही. तेव्हा तुम्हाला कळेल त्याला काय विकत घ्यायचं होतं. ऑर्डर जाईल, फीचं काम अडेल, हे मी हलक्यात नाही घेत, त्यासाठी कर्जाचा-हप्त्याचा वेगळा रस्ता शोधावा लागेल. पण ती तपासणीची यादी अन् नमुने घेऊन तुम्ही सेफ्टी ऑफिसरकडे सरळ जाऊ शकता, अन् त्याच्या गेटमधून आत जाणारा ठेकेदार काही एकच नसतो.

हे वाचणारे बाकी दुकानदार असतील तर त्यांना एवढंच, की कारखाना जवळ नाही म्हणून हा धंदा आपला नाही असं समजू नका. बसस्टँडमागे ट्रॉलीचं वर्कशॉप आहे, गिट्टीचं क्रशर आहे, पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारा आहे, तुरी मळणारे आहेत, पऱ्हाटी उपटणारे आहेत. पऱ्हाटीची काडी लागून बुबुळाला जखम झालेले शेतकरी मी किती पाहिले, अन् त्यात कोणी पदराच्या टोकानं, कोणी जिभेनं कचरा काढून अजून घाण केलेली, मग त्यात बुरशी धरते अन् बुबुळ पांढरं पडते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, कितीतरी जणांच्या डोळ्यांवर परिणाम झाला, तेव्हा गावोगावी गॉगल-मास्क वाटले गेले, पण नंबरवाल्या शेतकऱ्यानं तो गॉगल कसा घालावा हे कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. चष्म्यावरून बसणारे आठ-दहा मोठे गॉगल दुकानात दिसतील असे टांगून ठेवा, हंगामाच्या तोंडावर.

अन् चष्मा देताना सांगायचं विसरू नका की पॉलीवर ओरखडे लवकर पडतात, दुपट्ट्यानं कोरडं पुसायचं नाही, आधी पाण्यानं धूळ धुवायची मग पुसायचं. थिनरचा-ॲसिटोनचा बोळा त्यावर फिरवायचा नाही, भिंग धुरकट होऊन तडकते. खोल ओरखडा पडला की तो चष्मा बदलायचा. तुम्ही बदलून देण्याचा दर आधीच ऑर्डरमध्ये लिहून ठेवला असेल तर भांडण नाही.

जाता जाता एक. पत्रात तुम्ही लिहिलं की भिंग घासायचं काम आता मुलगा शिकला, हँड एजरवर दिवसाला पंधरा-वीस जोड्या काढते. तो काय घालून बसते त्या चाकासमोर?